औषध घडतं कसं, आणि ते नोकरी सांभाळून शिकता येतं का?

शीळफाटा येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की औषधांवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला बोलावला. रास्त शंका आहे. त्याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर कायद्याचं. आपल्या देशात नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर आधी नीतिसमितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी लागते. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांनुसार या समितीत किमान सात जण हवेत. त्यात डॉक्टर असतात, कायदा जाणणारा असतो, एक सामान्य नागरिक असतो, किमान एक स्त्री असते. आणि एका खुर्चीसाठी जी यादी दिली आहे, तिच्यात समाजशास्त्रज्ञ आणि स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांच्या जोडीला 'तत्त्वज्ञ' हा शब्द चक्क छापलेला आहे. तेव्हा मी आगंतुक नाही.

दुसरं उत्तर या जागेचं. शीळफाट्यावरून एक रस्ता कल्याण-डोंबिवलीकडे जातो, एक मुंब्र्यावरून ठाण्याला, एक महाप्याला, आणि एक तळोज्यावरून पनवेलकडे. या चारही रस्त्यांच्या टोकांना, आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरकडे, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. तिथे काम करणारी मुलंमुली माझ्याकडे येतात. कुणी बी.एस्सी. केमिस्ट्री, कुणी बी.फार्म. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : 'सर, ड्रग डेव्हलपमेंटचा पदव्युत्तर कोर्स दूरस्थ पद्धतीने करावा का? नोकरी सोडता येत नाही.' प्रश्नामागे दोन-तीन वर्षांच्या संध्याकाळी आणि घरच्या बजेटमधली मोठी रक्कम असते. म्हणून 'हो, कर' असं गुळमुळीत उत्तर देणं बरोबर नाही. आधी हा विषय काय आहे ते पाहू. मग तो घरी बसून किती शिकता येतो ते पाहू.

शोध वेगळा, विकास वेगळा

औषध सापडणं आणि औषध घडणं या दोन गोष्टी आहेत. आपल्या मुंबईचंच उदाहरण घेऊ. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे शतकानुशतकं माहीत होती. ती 'सापडलेली'च होती. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा काय परिणाम झाला हे मोजून, लिहून 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलं. त्या निबंधाने जगाचं लक्ष वेधलं. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. रिसर्पिन मोठ्या प्रमाणावर वापरात आल्यावर डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की काही रुग्ण उदास होतात, खचतात. रक्तदाब उतरला, पण माणूसही उतरला. म्हणजे मात्रेचा प्रश्न आला, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हा प्रश्न आला, पुढे किती वर्षं लक्ष ठेवायचं हाही आला. या प्रश्नांची शिस्तीने उत्तरं शोधणं, त्याला म्हणतात ड्रग डेव्हलपमेंट.

आज ही शिस्त साधारण अशी आहे. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर विषारीपणा तपासतात. मग पहिला टप्पा, म्हणजे फेज वन : बहुधा निरोगी स्वयंसेवक, वीस ते शंभर. इथे प्रश्न एवढाच, की माणसाला हे सोसतं का, किती मात्रेत. दुसरा टप्पा : काहीशे रुग्ण. उपयोग होतोय असं दिसतं का? तिसरा : शेकड्यांपासून हजारोंपर्यंत रुग्ण, आणि आधीच्या उपचाराशी किंवा प्लासिबोशी तुलना. मग परवानगी. आणि चौथा टप्पा बाजारात आल्यानंतर. सगळ्याला मिळून दहा ते पंधरा वर्षं सहज लागतात. पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा रेणूंपैकी साधारण एकच शेवटपर्यंत पोचतो. नऊ गळतात. तेव्हा या शास्त्राचा बराचसा वेळ 'हे चालत नाही' हे प्रामाणिकपणे आणि लवकर ओळखण्यात जातो.

उपाधी नावाची अडचण

आता थोडं माझ्या घरात येतो. आपल्या न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे : जिथे धूर तिथे अग्नी. ही व्याप्ती खरी. पण उलट करून पाहा, जिथे अग्नी तिथे धूर? लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. का? कारण धूर निघायला ओलं इंधन लागतं. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये लपून बसलेल्या या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात.

रुग्णाने गोळी घेतली आणि तो बरा झाला. इथे उपाधी कोणती? कदाचित आजार आपोआप जाणाराच होता. कदाचित डॉक्टरांनी नकळत कमी आजारी माणसांना नवं औषध दिलं. कदाचित नव्या उपचाराच्या विश्वासानेच बरं वाटलं. बरं, या उपाधी मोजून संपत नाहीत. काही तर आपल्याला माहीतच नसतात. मग करायचं काय?

उत्तर साधं आहे, पण सुचायला फार काळ गेला. रुग्णांचे दोन गट करायचे आणि कोण कुठे जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली, ती या पद्धतीची पहिली गाजलेली चाचणी. चिठ्ठीमुळे माहीत असलेल्या आणि माहीत नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या उपाधी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. उरलेला फरक मग औषधाच्या खात्यावर टाकता येतो.

तरीही फसगत होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात आणि अशा रुग्णांना मृत्यूचा धोका जास्त असतो. मग ठोके सुधारणारं औषध दिलं की मृत्यू टळतील, हे कुणालाही पटेल. अमेरिकेत यावर 'कास्ट' नावाची मोठी चाचणी घेतली. १९८९ मध्ये तिचे दोन गट मध्येच थांबवावे लागले. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ठोके सुधारले होते, आणि गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले होते. ठोका हे मोजायला सोपं चिन्ह होतं. रुग्णाला हवं होतं ते आयुष्य. या दोहोंतला फरक ज्याला समजला, त्याला या विषयाचा अर्धा अभ्यासक्रम समजला असं मी म्हणेन.

अजून एक हिशेब सांगतो, तो तोंडी करता येतो. तीन हजार रुग्णांना औषध दिलं आणि एक विशिष्ट गंभीर दुष्परिणाम एकालाही झाला नाही. मग तो दुष्परिणाम नाहीच का? नाही. संख्याशास्त्र म्हणतं, ९५ टक्के खात्रीने एवढंच सांगता येईल की त्याचं प्रमाण हजारात एकाहून जास्त नसावं. नियम सोपा : तीनला रुग्णसंख्येने भागा. आता तेच औषध दहा लाख लोकांनी घेतलं, तर हजार माणसांपर्यंत तो दुष्परिणाम पोचू शकतो, आणि आपली चाचणी खोटी ठरत नाही. म्हणून चौथा टप्पा लागतो. म्हणून २०१० पासून भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे.

'हो' म्हणणं म्हणजे काय

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी इथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी तयार झालेल्यांना टोचली, आणि टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना केली. लस उपयोगी ठरली, पुढे असंख्य जीव वाचले.

मी विद्यार्थ्यांना इथे थांबवतो. कैदी तयार झाला, असं आपण म्हणतो. तुरुंगात असलेल्या, भोवती प्लेग पसरलेल्या माणसाचा होकार किती मोकळा असतो? हाफकिन यांना दोष देण्यासाठी मी हे विचारत नाही, त्यांनी स्वतःचा जीव आधी पणाला लावला होता. पण हाच प्रश्न आजही आहे, फक्त तुरुंगाच्या जागी कर्ज आहे, बेकारी आहे, सरकारी रुग्णालयातली रांग आहे. आजच्या नियमांत लेखी संमती लागते, ती माणसाला कळणाऱ्या भाषेत लागते, आणि दुर्बल परिस्थितीतल्या माणसांवर नव्या रेणूची चाचणी असेल तर संमती देतानाचं दृक्-श्राव्य मुद्रणही लागतं. नियम चांगले आहेत. पण कागदावरचा अंगठा आणि समजून दिलेला होकार यांच्यातलं अंतर समोर बसलेला माणूस भरून काढतो. तो शिकलेला असावा लागतो.

जे. जे. मधले चौदा मृत्यू

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. ते दिसायला तसंच, चवीला गोड, आणि मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या अख्ख्या साखळीवर कठोर ताशेरे ओढले.

यात मला अस्वस्थ करतं ते असं. हेच विष १९३७ साली अमेरिकेत एका सल्फाच्या पातळ औषधात वापरलं गेलं होतं आणि शंभराहून जास्त माणसं गेली होती. त्यातून १९३८ चा अमेरिकन कायदा झाला : आधी सुरक्षितता दाखवा, मग विका. म्हणजे जे. जे. च्या वेळी हे ज्ञान जवळजवळ पन्नास वर्षं जुनं होतं. ते पुस्तकांत होतं; माल उतरवून घेणाऱ्याच्या, नमुना तपासणाऱ्याच्या, सही करणाऱ्याच्या हातापर्यंत पोचलं नव्हतं. आणि २०२२ मध्ये गांबियात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, तेव्हाही याच विषाचं नाव पुढे आलं.

म्हणून तळोज्यातल्या किंवा अंबरनाथमधल्या केमिस्टने हा विषय शिकावा की नाही, हा फक्त त्याच्या बढतीचा प्रश्न आहे असं मी मानत नाही.

आपल्या भागात हे काम कसं दिसतं

इथे नवे रेणू फार कमी शोधले जातात, हे खरं. आपला मुख्य धंदा जेनेरिक औषधांचा. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट ठेवलं नाही, फक्त करण्याच्या पद्धतीवर ठेवलं. २००५ मध्ये द्रव्यावरचं पेटंट परत आलं. मधल्या काळात आपले रसायनतज्ज्ञ नवी वाट काढून तोच रेणू बनवण्यात तरबेज झाले.

पण जेनेरिक म्हणजे नक्कल, इतकं ते सोपं नाही. मूळ गोळीइतकंच औषध, तितक्याच वेगाने रक्तात जातं हे माणसांवर दाखवावं लागतं. दोहोंच्या गुणोत्तराचा विश्वासांतराल ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. गोळी टिकते का, हे पाहायला ती ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. फार दमट हवेच्या देशांसाठी दीर्घकालीन परीक्षा ३० अंश आणि ७५ टक्क्यांवर होते. कोकणातला पावसाळा त्या कपाटात कोंडलेला असतो म्हणा ना!

परवानगीसाठी जे बाड द्यावं लागतं त्याचे पाच भाग असतात : प्रशासकीय कागद, सारांश, गुणवत्ता, प्राण्यांवरचे अभ्यास आणि माणसांवरचे अभ्यास. आमचा क्यूसीमधला मुलगा वर्षानुवर्षं तिसऱ्या भागातलं एखादं पान लिहीत असतो. उरलेल्या चार भागांत काय आहे, आणि आपल्या पानावरचा आकडा चुकला तर पाचव्या भागातल्या माणसाचं काय होईल, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. चांगला अभ्यासक्रम हे दाखवतो. नोकरी करता करता शिकण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो : दिवसा जे पान लिहिलं, रात्री त्याचा अर्थ कळतो.

दूरस्थ शिक्षण : काय मिळतं, काय नाही

दूरस्थ शिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना परीक्षा खुली केली. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम १९७१ पासूनचे. इग्नू १९८५ चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. ब्रिटनमध्ये कार्डिफसारख्या विद्यापीठांनी औषध उद्योगात काम करणाऱ्यांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रम चालवले आहेत.

या विषयातला मोठा भाग वाचनाचा आणि विचाराचा आहे : चाचणीचा आराखडा, संख्याशास्त्र, नियम, नीती, अहवाल लिहिणं. तो घरून उत्तम शिकता येतो. हाताचं काम घरून येत नाही. उपकरणाचा सराव, रुग्णाशी बोलून संमती घेणं, हे तिथे उभं राहूनच शिकावं लागतं. जो कारखान्यात किंवा रुग्णालयात आहे त्याच्याकडे ही अर्धी बाजू आधीच असते. जो नुसताच पदवीधर आहे त्याने हे ध्यानात ठेवावं.

आता सावधगिरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार फार्मसी, नर्सिंग, वैद्यक हे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाहीत. तेव्हा कुणी घरबसल्या एम.फार्म. देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा. क्लिनिकल रिसर्च, औषधांचे दुष्परिणाम-निरीक्षण, नियामक व्यवहार अशा विषयांतल्या पदविका वेगळ्या. पण ती संस्था आणि तो अभ्यासक्रम त्या वर्षी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. परदेशी पदवी असेल तर इथे समतुल्यता मिळेल का, हे फी भरण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

आणि पैसे भरण्याआधी एक फुकटची परीक्षा घ्या, स्वतःची. भारतातल्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, आणि ती कुणालाही उघडून वाचता येते. तुमच्या कारखान्यात बनणाऱ्या एखाद्या औषधाची चाचणी शोधा. प्रमुख निष्कर्ष कोणता मोजणार आहेत ते वाचा. तो कास्टमधल्या ठोक्यासारखा आहे की आयुष्यासारखा, हे एका पानात मराठीत लिहा. असे चार आठवडे करा. मजा वाटली तर पुढे जा. 'स्वयम्'वर आणि कोर्सेरावर या विषयाचे अभ्यासक्रम आहेत. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा 'ड्रग डेव्हलपमेंट' हा त्यातलाच. तेही आधी चाखून बघा.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, महाप्याला जाण्यायेण्यातच दोन तास जातात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. वेळ कुठून काढायचा?*

आधी हिशेब करू. आपल्याकडे दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास. ३२ श्रेयांकांची पदविका म्हणजे ९६० तास. एका वर्षात करायची तर आठवड्याला साडेअठरा तास. शिफ्टवाल्याला हे झेपणार नाही. दोन वर्षांत केली तर सव्वानऊ तास. हे जमतं. ब्रिटिश मास्टर्स १८०० तासांची धरतात, म्हणजे तीन वर्षं, आठवड्याला बारा तास. तेव्हा जाहिरातीतला कमीत कमी कालावधी पाहू नका, जास्तीत जास्त किती मुदत मिळते ते विचारा. बसमध्ये पहिलं वाचन होतं, गणित होत नाही. गणिताला टेबल लागतं. शिफ्ट बदलली तरी सुट्टीच्या दिवशीचे चार तास बदलायचे नाहीत. आणि शक्य तर जोडीने प्रवेश घ्या. एकट्याने सुरू केलेला अभ्यास पावसाळ्यात बंद पडतो, हे मी पुष्कळ पाहिलंय.

*प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झाली आहे. हा कोर्स केला तर नोकरी नक्की लागेल का?*

ताई, 'नक्की' हा शब्द जो वापरेल त्याच्यापासून दूर राहा. नुसत्या पदविकेने नोकरी लागत नाही. नियामक कागदपत्रं, दुष्परिणामांच्या नोंदी, चाचण्यांची माहिती तपासणं, या कामांत तिचा उपयोग होतो, पण सुरुवातीला अनुभव विचारतात. माझा सल्ला असा, की आधी लहानशी का होईना, प्रयोगशाळेत नोकरी धरू द्या, आणि सहा महिन्यांनी तिलाच ठरवू द्या. शंभर टक्के प्लेसमेंट लिहिणाऱ्या संस्थेला एकच विचारा : मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का?

*प्रश्न : आमच्या ओळखीतली काही मुलं पैशासाठी अशा चाचण्यांना स्वयंसेवक म्हणून जातात. हे चूक आहे का?*

चूक म्हणणार नाही. ती मुलं नसती तर स्वस्त जेनेरिक गोळी आपल्यापर्यंत आली नसती, हे आपण विसरतो. पण त्यांना चार गोष्टी माहीत हव्यात. संमतीपत्राची प्रत मागून घ्यायची. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची : एक चाचणी संपल्यावर ठरलेले दिवस जाऊ न देता, नाव लपवून दुसरीकडे जायचं नाही. त्यात स्वतःच्या जिवाला धोका आहे, आणि दोन औषधांची सरमिसळ झालेल्या रक्तातून निघालेला आकडा पुढे ज्याच्या उपचारासाठी वापरला जाईल, त्याच्याही. तुम्ही त्यांना ओळखता, तर संमतीपत्र त्यांच्याबरोबर बसून एकदा मोठ्याने वाचा. समजलं नाही ते तिथल्या डॉक्टरांना विचारायला सांगा. उत्तर द्यायला ते बांधील आहेत.